शेठच्या चिठ्ठीतली दुसरी ओळ

जन्मभर मी छापखान्यात दुसऱ्यांच्या आठवणी जुळवल्या. वकिलांच्या, कीर्तनकारांच्या, एका निवृत्त फौजदाराच्या तर चारशे पानं भरून. दिवाळी अंकांचं काम आलं की आमच्या घरी दिवाळी नसायची. नरकचतुर्दशीला मी अंघोळ करायचो ती हाताची शाई काढायला. आता संपादक म्हणतात, दामूअण्णा, यंदा तुम्हीच लिहा. लिहितो. फक्त हा मजकूर जो कोणी जुळवील त्याला एक सांगणं आहे. बाबा रे, शहाणपणा करून माझी वाक्यं सुधारू नकोस. मी अनेकांची सुधारली, पण त्याबद्दल एकदाही कुणी मला चहा पाजला नाही.

कुठं लागलो, कुठं सोडलं, हा सगळा पाढा वाचत नाही. तो वाचून कुणाचं भलं व्हायचंय? मला एका दुपारबद्दल सांगायचंय. त्या दुपारी मी नव्या नोकरीचा पगार ठरवायला बसलो होतो, आणि माझ्या पगाराबरोबर आणखी एका माणसाची भाकरी त्या टेबलावर होती.

आधी धंदा समजून घ्या. आता सगळं यंत्रावर होतं, पण तेव्हा छापायचं अक्षर न् अक्षर हातानं उभं करावं लागे. शिशाच्या एकेका तुकड्यावर एकेक अक्षर. त्याला आम्ही खिळा म्हणायचो आणि खिळे जुळवणारा तो जुळारी. पुढ्यात लाकडी पेट्या, त्यांना केस म्हणत. केसमध्ये शेकडो खण आणि प्रत्येक खणात वेगळं अक्षर. मराठीचा थाट मोठा. इंग्रजी जुळाऱ्याचं थोडक्यात भागतं, आमच्या मात्र काने, मात्रा, जोडाक्षरं धरून चार-चार केस अंगाभोवती मांडाव्या लागत. दिवसभर उभं राहायचं. छापून झालं की तोच मजकूर मोडून एकेक खिळा पुन्हा आपापल्या खणात टाकायचा. हे काम फार कंटाळवाणं, आणि त्याचे वेगळे पैसे कुणी देत नसे. बाहेरच्या माणसाला वाटतं छापलं की संपलं. कुठलं संपतंय!

पगाराखेरीज जुळाऱ्याच्या मागण्या दोन. एक गूळ. हाताला सतत शिसं लागायचं. गूळ खाल्ला की ते पोटात राहत नाही असा आमचा समज होता, म्हणून चांगला मालक महिन्याला शेर-दोन शेर गूळ द्यायचा. आमचे डॉक्टर हे ऐकून हसतात. हसोत बापडे, मी ऐंशीच्या घरात आलोय. दुसरी मागणी खिडकीची. खिडकीजवळची केस मिळाली तर डोळे दहा वर्षं जास्त टिकतात. खिडकीसाठी दोन रुपये कमी घेणारे जुळारी मी पाहिलेत.

आणि एक विद्या आम्हाला फुकट मिळायची. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं आणि ओळही आपल्याकडे डोकं खाली करून उभी राहते. चार वर्षांत डोळ्यांना अशी सवय होते की कागद सरळ धरा, उलटा धरा, आरशात दाखवा, आम्ही घडाघडा वाचतो. एकदा मामलेदार कचेरीत कारकुनानं माझ्या अर्जावर काहीतरी खरडलं. मी टेबलाच्या अलीकडून म्हणालो, "बरं, मग उद्या येतो." तो चपापला. त्यानं 'उद्या येण्यास सांगणे' असं लिहिलं होतं आणि तोंड उघडायच्या आत मी जिना उतरलो होतो.

ही विद्या मला करीमचाचांनी दिली. चाचा मूळचे मालेगावचे, विणकरांच्या घरातले. तरुणपणी मागावर मन रमेना म्हणून नाशकात आले आणि खिळ्यांत पडले. मराठी असं जुळवायचे की भल्या शास्त्रीबुवांनी तपासलेल्या मुद्रितात त्यांनी चुका काढाव्यात. मी मखमलाबादकडच्या मळ्यातला, वांगी आणि झेंडू विकणाऱ्यांच्या घरचा. वडील म्हणायचे, "हातात माती लागली तरी धुता येती, ही काळी शाई कशानं निघायची?" पण चाचांनी मला पोटच्या पोरासारखं शिकवलं. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं, बायको लवकर गेली होती. जुन्या नाशकात एका खोलीत एकटेच राहायचे आणि स्वतःच्या हातानं खिमा रांधून मला न दाखवता खायचे, माझा धर्म बुडू नये म्हणून. माझा कधीच बुडाला होता, पण तेवढी अदब त्यांनी शेवटपर्यंत पाळली.

शिकून तयार झाल्यावर मी दुसऱ्या छापखान्यात लागलो, अठरा रुपयांवर. ही मंदीची वर्षं, एकोणीसशे तीसच्या पुढची. अठरा रुपये मिळतात म्हणून लोक हेवा करायचे आणि घरी बायको डाळीत पाणी वाढवायची. त्यात दुसरं मूल होणार होतं. अशात निरोप आला, की गोविंदशेठनी बोलावलंय.

गोविंदशेठ भांडी बाजारातले पितळेच्या भांड्यांचे व्यापारी. दुकानाच्या जाहिराती छापून घेता घेता ते छापखानेवाल्यांच्या चालढकलीला इतके कंटाळले, की चाचा ज्या छापखान्यात होते तो त्यांनी विकतच घेतला. माणूस व्यवहाराला पक्का, पण छापखान्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. मला दुप्पट आनंद झाला. पगार वाढणार आणि चाचांशेजारी पुन्हा उभं राहायला मिळणार!

निघताना बायको म्हणाली, "पंचवीसच्या खाली हो म्हणायचं नाही. आणि गूळ मागायला विसरू नका, पोरीला होतो."

शेठ खुर्चीवर मांडी घालून बसले होते, गादीवर बसावं तसे. समोर टेबल, टेबलावर एक चिठ्ठी. गिऱ्हाइकाला कुठवर सोडायचं हे आधी चिठ्ठीवर टिपून ठेवायची त्यांची दुकानातली सवय. पुढ्यातल्या माणसाला ती उलटी दिसते, म्हणून ते निर्धास्त असायचे. शेठचं अक्षर दुकानाच्या पाटीएवढं मोठं. मी बसायच्या आत पहिली ओळ वाचून मोकळा झालो होतो: 'दामू जुळारी. वीसपासून. तीसपर्यंत.' खालच्या ओळीवर त्यांचा पंजा होता.

"बोला, काय घ्याल?" शेठ म्हणाले.

"तुम्हीच सांगा."

"वीस."

"तीस," मी म्हणालो.

शेठनी डोळे मोठे केले. "अहो, मामलेदार व्हायला आलात का?"

पुढचा अर्धा तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा. त्यांनी दोन-दोन रुपयांनी चढावं, मी तिथंच बसावं. त्यांनी मंदीचं रडगाणं गावं, मी मान डोलवावी. सव्वीसवर आले तेव्हा मी टोपी घालून उठल्यासारखं केलं. मळ्यातल्या बाया भाजीच्या टोपल्या उचलून निघाल्यासारखं करतात ना, तस्सं. शेवट कुठं आहे हे मला दिसत होतं, मग घाई कशाची? अखेर शेठ म्हणाले, "घ्या तीस. पण असा घट्ट माणूस मी बाजारात पाहिला नाही." मी मनातल्या मनात फुगडी घातली. तीस!

मग वरच्या गोष्टी. गूळ दोन शेर, कबूल. रविवारी अर्धा दिवस, कबूल. खंडेनवमीला यंत्राची पूजा करून सुट्टी, तीही कबूल. मी लाडात येऊन म्हणालो, "आणि शेठ, जमलं तर खिडकीजवळची केस."

"अहो घ्या की! दसऱ्यानंतर ती जागा तुमचीच," असं म्हणून त्यांनी सुपारीचा डबा ओढायला हात उचलला, आणि खालची ओळ उघडी पडली.

'करीम. दसऱ्यानंतर नको.'

मी प्यायला पाणी मागितलं. खिडकीत चाचाच उभे असतात हे मला माहीत होतं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि त्यांनी जुळवलेली मुद्रितं चुकांच्या खुणांनी लाल होऊन परत येत होती, हेही कानावर होतं. पण ज्यानं मला अक्षर न् अक्षर शिकवलं त्याच्या जागेवर माझा सौदा चाललाय, हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगतो, पहिला विचार माझ्या मनात आला तो असा: दामू, तू हे वाचलंच नाहीस. तीस घे आणि घरी जा. त्या विचाराची मला आजही लाज वाटते. पाण्याचा तांब्या खाली ठेवेपर्यंत मी त्याच विचारात होतो.

मग एकदम सुचलं. जुळवताना लेखकांची भयंकर अक्षरं वाचावी लागतात, तिथं चाचांचे डोळे हरायचे. पण छापलेले खिळे परत खणात टाकायचं काम बोटांचं. ते चाचा अर्ध्या नजरेनंही कुणाहून चांगलं करतील.

"शेठ, एक राहिलं. खिळे परत टाकायला वेगळा माणूस हवा."

"ते जुळारीच करतात ना?"

"करतात, म्हणून तर तुमचं काम मागे पडतं. तीस रुपयांचा माणूस निम्मा दिवस खिळे आवरत बसला तर परवडेल तुम्हाला?"

"वर एक पैसा देणार नाही," शेठ म्हणाले.

"मग माझ्यातले आठ काढा. मला बावीस, त्याला आठ."

शेठ माझ्याकडे बघतच राहिले. अर्धा तास भांडून मिळवलेला भाव स्वतःच पाडणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नसावं. "आठात येणार कोण?"

"करीमचाचा येतील. मी सांगतो त्यांना."

'मी सांगतो त्यांना.' हे मी इतक्या सहज म्हणून गेलो! शेठनी चिठ्ठी फाडून टोपलीत टाकली, आणि सौदा झाला.

बाहेर आलो तो छाती काढूनच. चाचा खिडकीत कागद नाकाला लावून उभे होते. मी त्यांच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. चिठ्ठी, दुसरी ओळ, आठ रुपये. "आता काही काळजी नाही चाचा, मी सगळं ठरवलंय," असंही म्हणालो.

चाचांनी हातातली ओळ पुरी केली, खाली ठेवली. मग फडक्याला हात पुसत हळूच म्हणाले, "तू कौन रे मेरी तनखा ठरानेवाला?"

मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"पूछा मेरे को? अंदर जाने से पहले पूछा, अंदर से बाहर आके पूछा? करीम आठ में आएगा! मैं क्या मंडी में रखा बैल हूँ?"

"चाचा, तुमची जागा जात होती..."

"वो मुझे मालूम नहीं था? पढ़ना तेरे को किसने सिखाया?" मग ते जरा शांत झाले आणि मराठीवर आले. "अरे बाबा, ती चिठ्ठी मी आठ दिवसांमागं वाचली. तुझं नाव शेठला कोणी दिलं? मीच दिलं. ते पंचवीसच्या वर लिहीत नव्हते. मी म्हटलं, तीस लिहा शेठ, नाहीतर तो पोरगा येणार नाही. मला जायचंच होतं. जाता जाता तुझं भलं व्हावं, एवढंच मनात होतं. आणि तू गाढवा, त्यातले आठ रुपये शेठला परत करून आलास."

माझी ती फुगडी, ते टोपी घालून उठणं, सगळं फुकट होतं. तीस त्यांनी आधीच ठरवून ठेवले होते.

"आणि मी काही उघड्यावर पडलेलो नाही," चाचा म्हणाले. "मालेगावला नवा छापखाना निघालाय. चार पोरांना शिकवायचं. पंधरा रुपये आणि वर जेवण. माझं मी ठरवलंय, माझ्या तोंडानं. तू आत जा आणि तुझे तीस करून घे. त्याशिवाय मी इथून हलणार नाही."

मी पुन्हा आत गेलो. शेठनी ऐकून घेतलं आणि हसले. "करीम येत नाही? मग ते काम तुम्हीच करा की. बोलणं बावीसचं झालंय. भाव मी नाही पाडला, तुम्ही पाडला. गूळ आहे, खिडकी आहे, आणखी काय हवं?" चिठ्ठीचा विषय काढता येत नव्हता, आम्ही दोघं त्यांचे कागद वाचतो हे कळलं असतं. आणि बावीस म्हणजे अठराहून चार जास्तच होते. मी उठलो.

दारात चाचा वाट बघत होते. "झालं?"

"झालं चाचा. तीस."

चाचांनी दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले. तेवढ्यावर थांबते तर बरं. संध्याकाळी ते पावशेर पेढे घेऊन आले आणि यंत्रावरच्या माणसापासून सगळ्यांना वाटत सुटले. वाटत वाटत शेठसमोर गेले.

"कशाचे पेढे?" शेठनी विचारलं.

"दामूच्या तीस रुपयांचे. तुमची मेहेरबानी, शेठ."

शेठनी माझ्याकडे पाहिलं, मग चाचांकडे. व्यवहाराला पक्का माणूस, एका शब्दात सगळं उघडं करू शकला असता. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "तुमचा चेला घट्ट आहे हो, करीम." पहिल्या तारखेला त्यांनी मला बावीसच दिले, पण त्या दिवशी ते बोलले नाहीत हे मी विसरलेलो नाही.

दसरा झाला आणि चाचा गेले. खिडकीतली केस माझी झाली. दिवसभर जुळवायचं आणि दिवस कलला की खिळे परत खणात टाकायचे. चाचांनी आठ रुपयांत नाकारलेलं काम मी बिनपैशानं करत होतो, आणि चडफडायचं तर फक्त स्वतःवर. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी त्यांना विचारायचं होतंत." एवढंच.

वर्षभरानं शेठच्या कामासाठी एका कापडवाल्याच्या जाहिराती पोचवायला मालेगावला गेलो. काम उरकल्यावर चाचांचा छापखाना विचारत फिरलो. कापडवाला म्हणाला, नवा छापखाना? आमच्या गावात? मग इथून जाहिराती नाशकाला कशाला आल्या असत्या? तेव्हा मला उमज पडायला हवी होती. मी चाचांच्या पुतण्याचं घर शोधून काढलं. आत मागांची खटखट चालली होती. कोपऱ्यात जमिनीवर चाचा बसले होते, समोर चरखा. मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरत होते, बोटांनी चाचपून. डोळे पार पांढरे झाले होते.

मी हाक मारली. आवाजावरून ओळखलं त्यांनी. घाईघाईनं चरखा पायानं मागे सारला आणि म्हणाले, "आज छुट्टी है प्रेस को. बैठे-बैठे क्या करूँ? भतीजे का हाथ बँटाता हूँ."

मालेगावात सुट्टी शुक्रवारची असते. त्या दिवशी मंगळवार होता.

"बरं केलंत," मी म्हणालो.

चहा आला. मुलगा झाला हे सांगितलं, त्याचं नाव सांगितलं. चाचा खूश झाले. मग कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "शेठ तीस वेळेवर देतात ना?"

"देतात चाचा. पहिल्या तारखेला, हातावर."

"और गूळ?"

"गूळही."

"बस. मेरे को और क्या चाहिए!"

सांगून टाकावं वाटलं, चाचा, बावीसच मिळतात, आणि ते आठ रुपयांचं काम अजून तिथं तसंच पडलंय, या की परत. पण या डोळ्यांनी आता ते काम कुठलं व्हायला? आणि पुन्हा एकदा त्यांचा पगार मी त्यांना न विचारता ठरवायचा? मी कप फिरवत बसलो.

"आणि तुमचे पंधरा?" मी विचारलं.

"बराबर मिळतात. ऊपर से खाना," चाचा म्हणाले.

निघालो तेव्हा ते भिंतीला धरून दारापर्यंत आले. मागावर बसलेल्या पुतण्याला त्यांनी हाक मारली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "देख, ये मेरा शागिर्द. नासिक में तीस रुपये पाता है." पुतण्यानं माग थांबवून मला सलाम केला. मीही मान लववली आणि मोटारीच्या अड्ड्याकडे निघालो.